पॉवर वीडरच्या इंजिनचे टायमिंग पुढे घ्यावे काय?

खरीप हंगामात सोयाबीन, कपाशी, तूर या पिकांतील आंतरमशागतीसाठी पेट्रोल इंजिनवर चालणाऱ्या पॉवर वीडरचा वापर आता लहान शेतकरीही करू लागले आहेत. बैलजोडी सांभाळणे परवडत नाही आणि निंदणीला मजूर वेळेवर मिळत नाहीत, ही त्यामागची कारणे सर्वांना ठाऊक आहेत. तथापि दोन-तीन हंगाम झाले की मशीन पूर्वीसारखे ओढत नाही, तासात मध्येच दम सोडते, अशी तक्रार सुरू होते. गॅरेजमध्ये नेले तर पुष्कळदा सल्ला मिळतो, "टायमिंग थोडे पुढे घेऊन देतो, मग बघा कसे पळते ते." खर्च थोडा आणि काम तासाभराचे असल्याने शेतकरी तयार होतो.

हा सल्ला निराधार आहे असे नाही. मोटारसायकली आणि परदेशात शेतावर व डोंगरात वापरल्या जाणाऱ्या चार चाकी एटीव्ही गाड्यांच्या इंजिनवर टायमिंग पुढे घेऊन चपळाई वाढविण्याची पद्धत जुनीच आहे. अशा गाड्या आपल्याकडे अलिबागजवळ नागावच्या किनाऱ्यावर पर्यटकांना फिरविताना दिसतात. प्रश्न एवढाच, की त्या गाडीवर जे चालते ते शेतात कोळपणी करणाऱ्या इंजिनवर चालेल काय? याचे उत्तर देण्यापूर्वी टायमिंग म्हणजे काय ते नीट समजून घेतले पाहिजे.

टायमिंग म्हणजे काय?

इंजिनमध्ये पेट्रोल व हवेचे मिश्रण दाबले जात असताना प्लगमध्ये ठिणगी पडते. पिस्टन अगदी वरच्या टोकाला पोचल्यावर ठिणगी पडत असेल असा पुष्कळांचा समज असतो, परंतु तसे नसते. मिश्रण एका क्षणात पेटत नाही. ठिणगीपासून ज्योत पसरत जाते व त्यास वेळ लागतो. ज्वलनाचा सर्वाधिक दाब पिस्टन वरच्या टोकावरून खाली निघाल्यानंतर, क्रँक साधारण १२ ते १६ अंश फिरल्यावर मिळाला तर इंजिनची ताकद सर्वात चांगली मिळते. तो दाब त्या वेळी तयार असावा म्हणून ठिणगी पिस्टन वर येण्याच्या अगोदरच टाकावी लागते. वरच्या टोकाच्या जितके अंश अगोदर ठिणगी पडते, तितके अंश टायमिंग पुढे आहे असे म्हणतात. वीडरवरील लहान चार स्ट्रोक इंजिनांत हे सामान्यतः २० ते ३० अंशांच्या दरम्यान कारखान्यातच कायम केलेले असते.

हिशेब करून पाहू. इंजिन मिनिटास ३,६०० फेरे घेत असेल तर एका फेऱ्यास सेकंदाचा साठावा भाग लागतो. ठिणगी २५ अंश अगोदर पडली आणि सर्वाधिक दाब १४ अंश नंतर आला, तर मधल्या ३९ अंशांसाठी सुमारे १.८ मिलिसेकंद मिळतात. ज्वलनाला जवळजवळ तेवढाच वेळ लागतो. आता लोड येऊन इंजिन १,८०० फेऱ्यांवर उतरले असे समजा. त्याच १.८ मिलिसेकंदांत क्रँक फक्त साडेएकोणीस अंश फिरेल. म्हणजे ठिणगी २५ ऐवजी पाच-सहा अंशच अगोदर पडलेली पुरली असती. प्रत्यक्षात फेरे कमी झाल्यावर सिलिंडरमधील मिश्रणाची घुसळण मंदावते व ज्योतही थोडी हळू पसरते, त्यामुळे फरक हिशेबाइतका मोठा नसतो. परंतु दिशा हीच राहते. फेरे जास्त असतील तर टायमिंग जास्त पुढे लागते, फेरे कमी झाले की कमी लागते. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण पुढील सर्व विवेचन तिच्यावरच अवलंबून आहे.

एटीव्हीवर ते का चालते?

एटीव्हीच्या इंजिनमध्ये सीडीआय नावाचा इलेक्ट्रॉनिक डबा असतो. फेऱ्यांप्रमाणे टायमिंग मागे-पुढे करण्याचे काम तो स्वतः करतो. कारखानदार मात्र हलक्या प्रतीचे पेट्रोल, उष्ण हवामान, धुराचे नियम आणि वापरणाऱ्याची हयगय या सर्वांचा विचार करून टायमिंग थोडे राखून ठेवतो. ही राखीव जागा वापरण्यासाठी कारागीर ठिणगीचा इशारा देणारी पिकअप प्लेट फ्लायव्हीलच्या फिरण्याच्या उलट दिशेला किंचित सरकवितात किंवा फ्लायव्हीलमध्ये तिरकी चावी बसवितात. तीन-चार अंश टायमिंग पुढे जाते. थ्रॉटल पिळताच गाडी चटकन उचल घेते असे चालविणाऱ्यास जाणवते. त्यासोबत वरच्या प्रतीचे, म्हणजे जास्त ऑक्टेनचे पेट्रोल वापरावे लागते, ही अट पुष्कळदा सांगितली जात नाही.

एटीव्हीचे काम कसे असते तेही पाहावे. गाडी धावत असते, इंजिनला वारा लागतो. पूर्ण थ्रॉटल काही क्षणच असतो, नंतर चालविणारा हात सोडतो. चढ आला तर गिअर बदलता येतो. इंजिनला उसंत मिळते.

वीडरवर ते अंगाशी का येते?

वीडरच्या इंजिनला उसंत नसते. ते एकाच ठिकाणी ठरविलेल्या फेऱ्यांवर गव्हर्नरच्या ताब्यात चालते. पाती जमिनीत गेली, लोड वाढला आणि फेरे कमी होऊ लागले की गव्हर्नर थ्रॉटल उघडतो. लोड फारच वाढला तर थ्रॉटल पूर्ण उघडूनही फेरे घसरत राहतात. म्हणजे सिलिंडर मिश्रणाने पूर्ण भरलेला, फेरे कमी आणि इंजिन तापलेले, अशी स्थिती येते. नेमक्या याच स्थितीत टायमिंग कमी पुढे असावे लागते, हे वर पाहिले. वीडरच्या बहुतेक इंजिनांत टायमिंग मागे-पुढे करणारी कोणतीही यंत्रणा नसते. कारखान्याने दिलेले २५ अंश तेथेही २५ राहतात. त्यात आपण आणखी चार मिळविले तर ते सर्वात वाईट वेळी भरीला येतात.

परिणाम असा होतो, की पिस्टन अजून वर येत असतानाच दाब वाढू लागतो व पिस्टनला उलट रेटा बसतो. ज्योत पसरत असताना कोपऱ्यातील न पेटलेले मिश्रण दाबले जाऊन आपोआप एकदम पेटते. यालाच नॉकिंग म्हणतात. डब्यात खडे घालून हलविल्यासारखा टणटण आवाज येतो. चारचाकी गाडीत हा आवाज चालकास ऐकू येतो, वीडरवर मात्र सायलेन्सर व गिअरबॉक्सच्या गोंगाटात तो दबून जातो. शेतकरी काम करीत राहतो आणि आत पिस्टनचा माथा भाजत राहतो. हेड गॅस्केट फुटणे, पिस्टनची कड जळणे, रिंगा अडकणे हे प्रकार यातूनच उद्भवतात. त्यात फ्लायव्हीलच्या पंख्यावर आणि सिलिंडरच्या पात्यांमध्ये पिकाचा पाला व माती अडकलेली असेल तर तापमान आणखी वाढते.

आणि एवढा धोका पत्करून लाभ किती? योग्य टायमिंगच्या आसपास ताकदीचा आलेख जवळजवळ सपाट असतो. टायमिंग पाच अंशांनी चुकलेले असले तरी ताकदीत सामान्यतः एक-दोन टक्क्यांचाच फरक पडतो. तेवढा फरक तासात चालणाऱ्या माणसाला कळणारही नाही. टायमिंग पुढे घेतल्यावर मशीन "पळते" असे जे वाटते, ते पुष्कळदा लोड नसताना थ्रॉटल उघडून ऐकलेल्या आवाजावरून वाटते. वीडरची परीक्षा गॅरेजच्या ओट्यावर होत नाही, वाफशावर आलेल्या काळ्या जमिनीत होते.

आपोआप पुढे गेलेले टायमिंग

येथे एक महत्त्वाची गोष्ट सांगावीशी वाटते. पुष्कळ वीडरमध्ये टायमिंग कोणीही हात न लावता पुढे गेलेले असते. फ्लायव्हील क्रँकच्या निमुळत्या टोकावर बसविलेले असते व त्याची जागा ठरविण्यासाठी अर्धचंद्राच्या आकाराची लहान चावी असते. पाती दगडाला किंवा बांधावरच्या मुळाला अडकून इंजिन एकदम थांबले की क्रँक थांबते, परंतु जड फ्लायव्हील आपल्या वेगाने पुढे जाऊ पाहते. नट ढिला असेल तर फ्लायव्हील चावी कापत किंचित पुढे सरकते. चुंबक फ्लायव्हीलमध्येच असल्याने ते कॉइलसमोर लवकर येते आणि ठिणगी लवकर पडते.

क्रँकच्या टोकाचा व्यास चावीच्या ठिकाणी २० मि.मी. धरला तर परिघ सुमारे ६३ मि.मी. होतो. म्हणजे एक अंश म्हणजे जेमतेम ०.१७ मि.मी. चावी केवळ एक मि.मी. सरकली तरी टायमिंग जवळजवळ सहा अंशांनी बदलते. डोळ्यांना चावी "थोडीशी चेपलेली" दिसते, इंजिनच्या दृष्टीने मात्र तो मोठा बदल असतो.

याची खूण म्हणजे दोरी ओढताना हाताला बसणारा उलटा झटका. इंजिन सुरू होण्याऐवजी दोरी हातातून हिसकावून मागे खेचली जाते, कधी कार्ब्युरेटरमधून फट्ट असा आवाज येतो. आमच्या प्रात्यक्षिक वर्गात विद्यार्थ्यांना मी पहिली सूचना हीच देतो, की असा झटका बसला तर जोर लावून पुन्हा ओढू नये. मनगट मुरगळल्याची उदाहरणे खेड्यात कमी नाहीत आणि त्याचे खापर सहसा दोरीवर फुटते.

तपासणी अशी करावी. प्लगची वायर काढून बाजूला बांधावी. दोरीचे कव्हर व नट काढून फ्लायव्हील पुलरने ओढून काढावे. हातोड्याने ठोकून काढू नये, कारण त्याने क्रँक वाकते व चुंबकाची शक्तीही कमी होते. चावी वाकलेली, पायरी पडलेली किंवा कापली गेलेली आढळल्यास त्याच मापाची व त्याच धातूची नवीन चावी बसवावी. लोखंडी पट्टी घासून केलेली चावी मुळीच वापरू नये. क्रँकचे निमुळते टोक आणि फ्लायव्हीलचे भोक पेट्रोलने पुसून कोरडे करावे, तेथे तेल किंवा ग्रीस लावू नये. फ्लायव्हील त्या कोरड्या पकडीनेच घट्ट बसते, चावी केवळ जागा दाखविते. नट माहितीपुस्तिकेत दिलेल्या बळाने टॉर्क पान्याने आवळावा. कॉइल आणि फ्लायव्हील यांमधील फट पुस्तिकेप्रमाणे ठेवावी. पुष्कळ इंजिनांत ती ०.३ ते ०.५ मि.मी. असते व मध्ये व्हिजिटिंग कार्ड सरकवून ती बसविता येते.

चावी ठीक असूनही शंका राहिली तर टायमिंग लाइटने मोजून पाहावे. त्यासाठी पिस्टनचे वरचे टोक अचूक सापडले पाहिजे. प्लग काढून, दोन्ही व्हॉल्व्ह बंद असलेल्या दाबाच्या स्ट्रोकवर, प्लगच्या भोकातून स्वच्छ मऊ सुती दोरी आत सोडावी व तिचे टोक बाहेर राखावे. फ्लायव्हील हाताने हळू एका दिशेने अडेपर्यंत फिरवावे आणि क्रँककेसवरील एका ठरावीक खुणेसमोर खडूने रेघ मारावी. मग उलट दिशेने अडेपर्यंत फिरवून दुसरी रेघ मारावी. दोन रेघांच्या बरोबर मध्यावर वरच्या टोकाची खूण येते. फ्लायव्हीलचा व्यास २०० मि.मी. असेल तर कडेवर एक अंश म्हणजे १.७५ मि.मी. होतो. वरच्या टोकाच्या खुणेपासून फिरण्याच्या दिशेने ४४ मि.मी. मोजून दुसरी खूण केली की ती २५ अंशांची झाली. दोरी काढून, प्लग बसवून, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून इंजिन थोडा वेळ चालवावे व लाइटच्या उजेडात कोणती खूण क्रँककेसच्या खुणेसमोर येते ते पाहावे. पुस्तिकेतील आकड्याशी दोन अंशांपर्यंत जुळले तर टायमिंगला हात लावण्याचे कारण नाही. हे काम उघड्या फ्लायव्हीलजवळ करावयाचे असल्याने जाणकार मेकॅनिककडूनच करून घ्यावे. लोंबते उपरणे किंवा सैल बाही जवळ नको.

मग ताकद गेली कोठे?

मी कृषिविद्येचा माणूस, इंजिनपेक्षा पाती जमिनीत किती जातात हे अगोदर पाहतो. सोयाबीनमध्ये पहिली कोळपणी पेरणीनंतर १५ ते २० दिवसांनी व दुसरी ३० ते ३५ दिवसांनी करावयाची असते. या वेळी तणे लहान असतात आणि ती उपटण्यासाठी तीन ते पाच सें.मी. खोली पुरते. शेतात मात्र वीडरची पाती दहा-बारा सें.मी. खोल घातलेली आढळतात. खोल गेले म्हणजे काम चांगले, ही समजूत नांगरटीची आहे, कोळपणीची नव्हे. खोली वाढली की इंजिनवरील लोड झपाट्याने वाढतो, पिकाच्या वरच्या थरातील मुळ्या तुटतात व ओलही उडते. मागचा खोली नियंत्रक दांडा दोन भोके बदलून बसविला तर इंजिनला जेवढा आराम मिळतो, तेवढा कोणत्याही टायमिंगने मिळणार नाही.

वाफशाचेही तसेच आहे. भारी काळ्या जमिनीत ओल जास्त असताना मशीन घातले की चिखल पात्यांना गुंडाळतो आणि इंजिन दबते. पावसाची उघडीप दोनच दिवसांची असते व तण थांबत नाही, ही शेतकऱ्याची अडचण खरी आहे. तरीही मुठीत दाबलेला मातीचा गोळा खाली टाकल्यावर फुटतो की नाही एवढे पाहून सुरुवात करावी. झिजलेली पाती बदलावीत. बोथट पाती माती कापत नाहीत, ढकलतात.

इंजिनच्या बाजूने प्रथम एअर फिल्टर पाहावा. कोरड्या वाऱ्यात चाललेल्या वीडरचा स्पंज दोन-तीन दिवसांतच मातीने भरतो. तो साबणाच्या पाण्याने धुऊन, सावलीत वाळवून, इंजिन ऑईलचे थोडे थेंब चोळून व पिळून बसवावा. नंतर व्हॉल्व्हची फट, प्लगची फट, सायलेन्सरमधील काजळी आणि दाब हे तपासावे. दाबच गेलेला असेल तर टायमिंग किंवा कार्ब्युरेटर, कशानेही उपयोग होणार नाही.

पेट्रोल बदलले आहे, याचाही विचार करावा. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट देशाने २०२५ मध्ये गाठले. आपल्या उसाला त्यामुळे नवे गिऱ्हाईक मिळाले, ही चांगली गोष्ट आहे. परंतु एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश उष्णता असते, म्हणून अशा मिश्रणातून दर लिटरला सहा-सात टक्के उष्णता कमी मिळते. शिवाय इथेनॉलमध्ये स्वतःचा प्राणवायू असल्याने, जुन्या पेट्रोलसाठी जेट ठरविलेल्या कार्ब्युरेटरमधून जाणारे मिश्रण पातळ पडते. इंजिन घरघर करीत फेरे वर-खाली करते व जास्त तापते. पातळ मिश्रण हळू पेटते, त्यामुळे येथे टायमिंग पुढे घेतल्यास इंजिन वरवर सुधारल्यासारखे वाटते, आतला दोष मात्र तसाच राहतो व उष्णता वाढते. इथेनॉलमुळे ऑक्टेन वाढते व नॉकिंगला थोडा आळा बसतो हे खरे, पण म्हणून ती सवलत टायमिंगमध्ये खर्च करू नये. जेट साफ करावा, कंपनीने मोठा जेट दिला असल्यास तो बसवावा, फुगलेल्या रबरी नळ्या बदलाव्यात. इथेनॉल पाणी शोषून घेते, सबब हंगाम संपल्यावर टाकी व कार्ब्युरेटर रिकामे करून ठेवावे.

उंचीवरील शेतकऱ्यांसाठी थोडे वेगळे. महाबळेश्वरच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून साडेतेराशे मीटर उंचीवर, हवा विरळ असल्याने इंजिनची ताकद सुमारे पंधरा टक्क्यांनी कमी होते. तो इंजिनचा दोष नाही. तेथे मिश्रण जाड पडते व काळा धूर येतो, त्यासाठी लहान जेट हा उपाय आहे.

टायमिंग बदलणे कोठे योग्य?

एका ठिकाणी मात्र टायमिंगला हात लावणे रास्त ठरते. पेट्रोलवर सुरू करून रॉकेलवर चालविले जाणारे जुने लहान पंप अजून काही मळ्यांत पडून आहेत. रॉकेल फार लवकर ठोका देते, म्हणून या इंजिनांत दाबाचे प्रमाण कमी ठेवलेले असते व टायमिंगही बेताचे असते. असे इंजिन आता फक्त पेट्रोलवरच चालवावयाचे असेल तर टायमिंग थोडे पुढे घेण्यास जागा असते. यांपैकी बऱ्याच इंजिनांत फ्लायव्हीलखाली पॉइंट असतात. पॉइंटची फट वाढविली की ते लवकर उघडतात व टायमिंग पुढे जाते, फट कमी केली की मागे येते. पॉइंटची फायबरची टाच झिजून फट आपोआप कमी होते, म्हणून अशा जुन्या पंपात टायमिंग मागे पडून ताकद गेलेली असणे शक्य आहे. प्रथम पॉइंट घासून फट पुस्तिकेप्रमाणे, सर्वसाधारणपणे ०.३५ ते ०.४५ मि.मी. ठेवावी. बहुतेक वेळा एवढ्यानेच पंप पूर्वीसारखा पाणी उचलू लागतो. त्यानंतरही आवश्यकता वाटल्यास पॉइंटची प्लेट एका वेळी दोन अंशांहून जास्त सरकवू नये. पंपावर पूर्ण लोड देऊन अर्धा तास चालवावे, ठोक्याचा आवाज ऐकावा, प्लग काढून पाहावा. प्लगचे चिनी मातीचे टोक फिकट तपकिरी असेल तर ठीक समजावे. ते पांढरे पडले असेल किंवा त्यावर बारीक चकाकणारे कण दिसत असतील तर प्लेट लगेच मागे घ्यावी, कारण ते कण पिस्टनचे असतात.

पाठीवरचे फवारणी पंप आणि गवत कापणी यंत्रे यांतील दोन स्ट्रोक इंजिनांत टायमिंग पुढे घेण्याचा प्रयोग करू नये. त्यांचे वंगण पेट्रोलमध्येच मिसळलेले असते व पिस्टन अगोदरच जास्त तापतो. त्यात टायमिंग पुढे गेले की उष्णता सायलेन्सरकडे जाण्याऐवजी पिस्टनच्या माथ्यात राहते आणि पिस्टन सिलिंडरला धरतो. अशा पुष्कळ यंत्रांत फ्लायव्हीलची चावी वेगळी नसून फ्लायव्हीलच्याच ओतीव धातूची असते. ती तुटली असल्यास पूर्ण फ्लायव्हील बदलावे लागते.